मुकाईच्या माळावरचे वाटाणे

मुकाईच्या देवळामागे हा जो उतार दिसतो, तिथे कुणी नांगर धरत नाही, कुणी बी टाकत नाही. तरी थंडी पडली की सगळा उतार वाटाण्याच्या फुलांनी भरून जातो. पाहुण्यांनी विचारले, की देवळाचे म्हातारे गुरव नामाजीबुवा पायरीवर टेकून सांगतात ते असे.

फार पूर्वी गावाला मुकाईची आण होती म्हणे. दारी आलेल्याला ‘नाही’ म्हणायचे नाही. आण चांगलीच होती. उपाशी कुणी परतत नसे. पण घाटाखालच्या जहागीरदाराला ती कळली, आणि घरात दोन बायका असताना तो हैबती गुरवाची लेक गोजरा हिला मागणी घालायला आला. आणेपुढे बापाला नाही म्हणता येईना. दुसऱ्या सकाळी पाहुण्याच्या कपाळी अक्षता लावल्या, की सोयरीक पक्की होणार होती.

पहाटे धुके इतके दाट, की गोजरा भिंत चाचपत देवळात गेली. असे सांगतात, धुके गाभाऱ्यातही शिरले होते, आणि देवीच्या कपाळावरच्या अक्षता एकेक करून आपोआप गळत होत्या. गोजराने ते पाहिले. मग घरी येऊन तिने ताटातले तांदूळ मडक्यात परत ओतले आणि वाळले वाटाणे कुंकवात घोळून ठेवले.

अंगणात सारा गाव जमला. बापाने मान खाली घालूनच चिमूट उचलली, जहागीरदाराच्या कपाळी टेकवली. वाटाणे टपटप खाली. पुन्हा लावले, पुन्हा खाली. हसायची कुणाची छाती नव्हती.

“हे काय?” जहागीरदाराने विचारले.

“आमच्यात न्हाई म्हणत न्हाईत, सरकार,” गोजरा म्हणाली. “अक्षता लावल्यात. टिकंनात, त्याला आम्ही काय करावं?”

तलवार उपसायची तर कुणावर? कुणी नाही म्हटलेच नव्हते. ताट लाथाडून तो धुक्यात निघून गेला. वाटाणे उतारावर घरंगळले आणि तिथेच रुजले.

कुणाला साफ झिडकारले की ‘वाटाण्याच्या अक्षता लावल्या’ म्हणतात ते तेव्हापासून, असे बुवा ठासून सांगतात. खरेखोटे मुकाई जाणे, आणि ती काही बोलत नाही.

आजही गावची लेक सासरी निघाली, की या उतारावरचे मूठभर वाटाणे तिच्या पदराला बांधतात. बुवांच्या धाकट्या लेकीने आपले वाटाणे सासरच्या उंबऱ्यात ओतले आणि ती माघारी आली. का, ते गावात तिला कुणी विचारले नाही. देवीपुढचा दिवा आता तीच लावते.