दगडाच्या सावलीत वाळवलेले बी

कार्तिक शुद्ध अष्टमी. आभाळ निरभ्र, वारा उत्तरेचा, गवतावर दव. त्या दिवशी एका राज्यात वारुणी माळीण आपल्या नवऱ्याच्या दगडी पायांशी बसली होती.

मातीत न दिसणारे जीव आहेत, ते सिंहासन पोखरतील, असे मांत्रिक धूम्राक्षाने राजाला सांगितले होते. खरे कारण निराळे होते. जिवंत मातीपुढे त्याचा मंत्र टिकत नसे. राजाने शेते हातभर खोल भाजवली, आणि वेशीतून येणाऱ्याचे हातपाय कढत राखेच्या पाण्याने धुण्याची रीत घातली. वारुणीचा नवरा सोमल आग लावीना, म्हणून मांत्रिकाने त्याला बांधावरचा दगड केला.

"या शेतात हरभऱ्याचा घाटा भरला तर हा उठेल," मांत्रिक म्हणाला. "त्याआधी फाल्गुनी पौर्णिमा उलटली तर याची वाळू होईल."

पेरलेला हरभरा उगवे, पिवळा पडे, मरे.

बांधावरची टिटवी वारुणीला म्हणाली, "मी जमिनीवर अंडी घालते, खालचं मला ठाऊक. हरभऱ्याच्या मुळांना गुलाबी गाठी असतात, त्यांत ते जीव राहतात. रोप त्यांना साखर देतं, ते रोपाला वाऱ्यातलं अन्न देतात. डोंगरापलीकडून आण त्यांना."

वारुणी तीन दिवस चालत गेली, मडकेभर माती घेऊन आली. वेशीवर शिपायांनी मडके कढत पाण्यात उपडे केले.

ती पुन्हा गेली. या खेपेस गाठींची मुळे अंबाड्यात खोवली. हातपाय धुतले गेले, केस कोणी पाहिले नाहीत. तिने मुळे गुळाच्या पाण्यात कुस्करली, बियांना चोळली, आणि जन्माच्या सवयीने बी उन्हात वाळवले. विसाव्या दिवशी रोपे पिवळी पडली.

"उन्हानं मेले ते," टिटवी म्हणाली.

ती तिसऱ्यांदा गेली. आता तिने बियांचे सूप सोमलच्या सावलीत ठेवले, आणि सावली सरके तसे सूप सरकवले.

धूम्राक्ष येऊन हसला. "माळीणबाई, दगडाच्या सावलीला संसार मांडलात?"

"ऊन आलं," वारुणी म्हणाली. "जरा बाजूला व्हा, सूप हलवायचंय."

रोपे हिरवी राहिली. फाल्गुन शुद्ध त्रयोदशीला पहिला घाटा भरला, त्यात दोन दाणे होते. जिवंत मातीपुढे मंत्र मोडला आणि धूम्राक्षाची मूठभर राख झाली. ते पाहून राजाने वेशीवरच्या राखेच्या पाण्याच्या कढया उतरवल्या. सोमल उठला आणि त्याने पाणी मागितले. त्या शेतात अकरा पायली हरभरा झाला.