वस्तादांचा आडवा पाय

“…आणि उद्या हा हात माझं ऐकायचाच बंद झाला, तर काय करू, वस्ताद?”

सर्जेराव खोतांनी उजवा हात पुढं धरला. तो थरथरत होता. याच हातानं त्यांनी भल्याभल्या मल्लांना अस्मान दाखवलं होतं.

तालमीच्या दाराबाहेर घोंगडी टाकून बसलेले इमामवस्ताद त्या हाताकडं बघत राहिले. सर्जेरावांना पहिला डाव शिकवलेला तो म्हातारा.

“आज ऐकतोय का?”

“निम्मं ऐकतो. निम्मं न्हाई.”

“मग ऐकतोय त्या निम्म्यासंगं बोल की.”

सर्जेरावांना ते पटलं नाही. पटवून घ्यायला ते आलेच नव्हते. पारूबाईंनी, त्यांच्या कारभारणीनं, हट्टानं आणलं होतं. डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितला तसे ते घरातच बसून होते. सदऱ्याची गुंडी बायको लावते हे गावाला दिसू नये, म्हणून. लेकीच्या सासरच्यांसमोर चहा मांडीवर सांडला, तेव्हापासून त्यांनी चारचौघांत कपाला हात लावला नव्हता.

वस्तादांनी चहा मागवला. सर्जेरावांनी कप लांब सारला.

“सांडतो.”

वस्तादांनी त्यातला निम्मा आपल्या कपात ओतून घेतला.

“आता?”

सर्जेराव प्याले. सांडला नाही… पण ते भडकले.

“निम्म्या कपावर जगायचं म्हणता?”

“संपला की परत घे. कोण न्हाई म्हणतंय?”

पारूबाईंनी पदर तोंडाला लावला. हसल्या, की रडल्या, कळलं नाही.

“गोळी घेतलीस?” वस्तादांनी विचारलं.

“घेतली.”

“मग ऊठ. मातीला पाय लावून ये.”

सर्जेराव उठले. ताठ चालत दारापर्यंत गेले, आणि उंबऱ्याशी थिजले.

हे नेहमीचंच झालं होतं. चांगलं चालता चालता दार आलं की तळवे जमिनीला चिकटल्यागत होत. मन म्हणे चल. पाय जागचे हलत नसत.

आत जोर मारणारी पोरं थांबली. सगळी दाराकडं बघायला लागली.

पारूबाई हात द्यायला पुढं झाल्या. सर्जेरावांनी तो झिडकारला. कपाळावर घाम आला. ज्या दारातून त्यांच्या वाजतगाजत मिरवणुका निघाल्या, त्याच दारात ते खांबासारखे उभे होते.

“चला घरी,” ते दातांवर दात धरून म्हणाले. “झाली तेवढी शोभा बास.”

वस्ताद बसल्या जागेवरून सरकत सरकत दारात आले, आणि आपला पाय उंबऱ्यापुढं आडवा टाकला.

“वलांड.”

सर्जेराव दचकले.

“तुमच्या पायावरनं? वस्ताद, ह्याच पायावर डोकं ठेवून मी…”

“डोकं र्‍हाऊ दे. पाय उचल.”

“पाप लागंल.”

“पापाचं मी बघतो. तू पायाचं बघ.”

“न्हाई जमायचं.”

“सर्जा!” म्हातारा कडाडला. आखाड्यात ओरडायचा तसा. “समोरचा आडवा आला तर हात जोडत बसायला शिकिवलं हुतं का म्या तुला?”

सर्जेरावांचा जबडा आवळला. नजर त्या सुरकुतल्या नडगीवर खिळली. आणि गुडघा वर आला.

पाय उचलला गेला. ओलांडलं. दुसरा मागोमाग आला.

ते आत होते. तांबड्या मातीत.

खाली वाकायला वेळ लागला, पण वाकले. थरथरत्या मुठीत माती घेतली. निम्मी सांडली. उरलेली त्यांनी छातीला फासली, आणि पोरांकडं वळून गरजले, “बघताय काय? जोर मारा!”

पोरं धडाधड खाली झाली.

सर्जेराव दाराकडं वळले. बाहेर पारूबाई उभ्या होत्या. डोळे भरलेले, मान ताठ.

“वस्ताद, हितं तुमी हाय. घरी काय करू?”

“घरी मी हाय की,” पारूबाई म्हणाल्या. “माझा पाय वलांडा.”

सर्जेरावांनी मान खाली घातली. मग हळूच डोलावली.

“आणि रोग वाढला तर?” त्यांचा आवाज बारीक झाला होता. “हे पाय उद्या आडव्या पायालाबी दाद देईनासे झाले तर…?”

वस्ताद अजून दारातच होते. पाय तसाच आडवा.

“मग मी आख्खा आडवा पडीन. जा अंगावरनं.”