ताईच्या डिस्कवरचा बूटलोडर

“काय काय पुसलंस?”

“काहीच नाही, चाचा. शपथ!”

“आणि हात कशाकशाला लावलास?”

“ताईच्या डिस्कला तर मुळीच नाही. सगळं लिनक्स माझ्या पेनड्राइव्हवर टाकलं. लॅपटॉप तेवढा तिचा वापरला.”

दस्तगीरचाचांनी लॅपटॉप आपल्याकडे वळवला.

चाचा टेकडीवरच्या दर्ग्याचे मुजावर. पंचवीस वर्षं आयटीआयमध्ये कॉम्प्युटर शिकवलेला माणूस. आता दर्ग्यामागच्या खोलीत येईल त्याला शिकवायचे. इंद्रजित त्यांचा सगळ्यात हुशार चेला, आणि ही गोष्ट त्याला स्वतःला जरा जास्तच ठाऊक होती.

समोर त्याच्या बहिणीचा, शर्वरीचा, जुना लॅपटॉप. पडदा काळाठिक्कर. वरच्या कोपऱ्यात इंग्रजीत एकच ओळ लुकलुकत होती, बाकी काही नाही.

अकराला शर्वरीची नर्सिंगची ऑनलाइन परीक्षा होती. नोंदवलेला लॅपटॉप हाच, दुसरा चालणार नव्हता. गेल्या वर्षी ती दोन गुणांनी हुकली होती. आता दारात उभी होती, रडून डोळे लाल झालेले.

दहा वाजून सव्वीस मिनिटं.

“पेनड्राइव्ह लाव,” चाचा म्हणाले.

लावला. लॅपटॉप सुरू झाला! दोन सिस्टिमची यादी आली, त्यात इंद्रजितचं लिनक्स होतं आणि शर्वरीचं विंडोजही होतं.

“आता काढ. पुन्हा चालू कर.”

काढला. पुन्हा काळा पडदा.

“आयला, असं कसं?”

“इन्स्टॉल करताना विचारलं असेल ना तुला, बूटलोडर कुठं टाकू?”

बूटलोडर म्हणजे तो इवलासा प्रोग्राम, जो कॉम्प्युटर जागा झाल्या झाल्या कुणाला उठवायचं ते ठरवतो.

“विचारलं असेल... मी नुसतं पुढे-पुढे दाबत गेलो.”

“म्हणून तो जाऊन बसला तिच्या डिस्कवर. आणि त्याचं बाकीचं सामान राहिलं तुझ्या पेनड्राइव्हवर.”

पण इंद्रजितची खोड कुठली जाते!

“पाच मिनिटांत नीट करतो. दोन कमांड तर आहेत!”

त्याचा हात पुढे झाला. चाचांनी कीबोर्डवर आपला पंजा ठेवला.

“आणि चुकलास तर?”

इंद्रजितनं हात मागे घेतला.

“पेनड्राइव्ह लावूनच बसू दे तिला परीक्षेला,” चाचा म्हणाले. “मध्येच लॅपटॉप बंद पडला तर पुन्हा लागेलच तो.”

इंद्रजितचा चेहरा पडला. अकरालाच कॉलेजात त्याला सहा महिन्यांचं काम दाखवायचं होतं, आणि ते सगळं त्या पेनड्राइव्हवर होतं. माझं सगळं खिशात असतं, माझं कुणावाचून अडत नाही, असं तो वर्गभर सांगत फिरला होता.

“चाचा, तो माझा आहे.”

“तुझाच. घेऊन जा ना!” चाचांनी कोपऱ्यातल्या आपल्या कॉम्प्युटरकडे बोट केलं. “फक्त जाण्याआधी त्याच्यावर चालवून दाखव.”

इंद्रजितनं लावला. सुरू होईना. काढून फुंकर मारली, दुसऱ्या खाचेत घातला.

नाहीच.

ताईच्या डिस्कशिवाय त्याच्या पेनड्राइव्हलाही जाग येत नव्हती.

“इंद्या,” मागून शर्वरी म्हणाली, “देतोस, की मी घरी जाऊ?”

दहा बेचाळीस.

तो उठला. लॅपटॉपला लावताना पेनड्राइव्ह दोनदा उलटा लागला. तिसऱ्यांदा नीट बसला. विंडोज उघडलं. शर्वरी त्याच्याकडे न बघता खुर्चीवर बसली, आणि तिनं ओळखपत्र बाहेर काढलं.

चाचांनी त्याला बाहेर काढलं आणि स्वतःही बाहेर येऊन दार लोटून घेतलं.

ओट्यावर बसून इंद्रजितनं कॉलेजात फोन लावला. येत नाही म्हणाला. कारण विचारल्यावर, “माझीच चूक आहे, सर,” एवढंच बोलला आणि फोन ठेवला. शरमेनं त्याचे कान तापले होते.

अकरा वाजले. आतून माउसची टिकटिक ऐकू यायला लागली.

इंद्रजितनं बंद दाराकडे पाहिलं.

“चाचा, परीक्षा झाली की काढून घेऊ ना पेनड्राइव्ह?”

“तिला विचार.”