ढग कुणाचा?

एका राज्यात निकाल राजा देई आणि निकालातल्या खोडी साळुंकी काढी. राजाचं नाव चित्रवर्धन, साळुंकीचं नाव बयो. सिंहासनाच्या हातावर बसून ती प्रत्येक निकालानंतर हरलेल्याचं म्हणणं भर दरबारात मांडी आणि मग आपलं मत देई, "महाराज, निकाल बरोबर, कारण लंगडं." राजा कुरकुरे, पण तिच्यासाठी डाळिंब स्वतःच्या हातानं सोली. त्याला इतकं खडसावणारं दरबारात दुसरं कुणी नव्हतं आणि त्याचं इतकं लाडकंही कुणी नव्हतं.

एके दिवशी धूम्रकेश जादूगार आणि गोजरा माळीण भांडत आले. धूम्रकेशानं मंत्र म्हणून म्हणून एक ढग वाढवला होता. वाऱ्यानं तो पळवला आणि तो बरसला गोजरेच्या करपल्या मळ्यावर. जादूगार म्हणाला, "मळ्यातलं पीक माझं." राजाला सपाटून भूक लागलेली, मुदपाकखान्यातून पुरणपोळीचा घमघमाट येत होता. "पाऊस ज्याच्या शेतात पडला त्याचा," असं म्हणून तो उठलाच. बयोनं चोच उघडली.

"आज पुरे, बयो," राजा म्हणाला. झालं, तिथेच घोड्यानं पेंड खाल्ली.

"माझं म्हणणं ऐकणारं इथे कुणी नाही," धूम्रकेश म्हणाला, "तर ते सांगणारीही नको." बयो जागच्या जागी दगड झाली. चोच उघडी ती उघडीच राहिली.

पुरणपोळी ताटात तशीच राहिली. राजानं दगडाची साळुंकी शेल्यात गुंडाळली, उराशी धरली आणि एकटाच जादूगाराच्या डोंगराकडे निघाला.

डोंगराला तीन दारं होती. पहिल्या दारात नाग वेटोळं घालून बसला होता. त्याला राजानं कधीकाळी कोठारातून हाकललं होतं.

"माझं म्हणणं काय होतं? चुकलास तर डसेन."

राजाला बयोचे शब्द आठवले. "तू उंदीर खायचास म्हणून धान्य उरायचं. लोकांनी तुझा दात पाहिला, तुझी राखण पाहिली नाही." नाग बाजूला सरला.

दुसऱ्या दारात नदी आडवी वाहत होती. गाव वाचवायला राजानं तिला वळसा घ्यायला लावला होता.

"माझं म्हणणं?"

हेही बयोनं सांगितलेलं होतं. "तू आधीची, गाव मागाहूनचं. पाहुण्यानं घरधनिणीलाच अंगणात काढलं." नदी दुभंगली आणि वाट झाली.

तिसऱ्या दारात खुद्द धूम्रकेश उभा. "निकाल फिरव, राजा. पीक मला दे आणि पाखरू घेऊन जा."

राजानं शेल्यातल्या बयोकडे पाहिलं. बयोवाचून त्याला दरबार खायला उठला असता. पण गोजरेला त्या मळ्यावाचून दुसरा आधार नव्हता.

"नाही," तो म्हणाला. "असा निकाल दिला तर जिवंत झाल्यावर हीच माझी हजेरी घेईल."

"मग माझं म्हणणं सांग."

आता आली का पंचाईत! त्या दिवशी बयो बोललीच नव्हती. आठवायला शब्दच नव्हते. राजा दारातच मांडी ठोकून बसला, दगडी पाठीवरून हात फिरवीत विचार करू लागला. उन्हं कलली तेव्हा बोलला.

"तू पीक मागितलंस, कारण दरबारात मागता येतं ते तेवढंच. घसा कोरडा पडेतो तू मंत्र म्हटलास, ढग पोरासारखा वाढवलास आणि लोकांनी हात जोडले आभाळाला. पाऊस गोजरेचाच, धूम्रकेशा. पण ढग तुझा होता. ते मी निकालात म्हणायला हवं होतं. चुकलो."

जादूगारानं तोंड फिरवलं. "एवढंच कुणीतरी म्हणायला हवं होतं," तो हळूच म्हणाला.

शेल्यात फडफड झाली. बयोनं डोकं बाहेर काढलं आणि चोचीत अडकलेलं वाक्य आधी पुरं केलं, "महाराज, निकाल बरोबर, पण ढग कुणाचा ते विचारा."

राजा हसता हसता रडला.

मग दवंडी पिटली, ढग धूम्रकेशाचा, पाऊस गोजरेचा. ती ऐकून गोजरा वांग्यांची पहिली पाटी आपण होऊन डोंगरावर घेऊन गेली. जादूगारानं पुढचा ढग मुद्दाम तिच्याच मळ्याकडे सोडला. आणि त्या राज्यात हरलेल्याचं म्हणणं राजा स्वतः सांगू लागला, तेही जेवणाआधी. बयो डाळिंबाचे दाणे टिपत ऐके आणि म्हणे, "बरं सांगितलंत, महाराज. जरा लांबवलंत."