घेणाऱ्याचा हात

पूर्वी तगर नगरात सुधर्म नावाचा राजा न्यायाने राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका हमालाच्या घरी जन्मला. त्याचे नाव नंदक. बारा वर्षे त्याने वित्तक श्रेष्ठीच्या पेढीवर कापडाचे गठ्ठे वाहिले आणि पोटाला चिमटा घेऊन थोडे भांडवल जमवले. एके दिवशी पाठीवरचा गठ्ठा उतरवून तो म्हणाला, "श्रेष्ठी, आता स्वतःचं लहानसं दुकान मांडावं म्हणतो."

वित्तक पोट धरून हसला. नंदकाची गठ्ठे बांधायची दोरी त्याने भिंतीवरच्या खुंटीला अडकवली. "जा बाबा, जा. दोरी इथंच आहे. महिन्याभरात लागेलच तुला."

नंदकाची बायको खेमा हिने हे ऐकले, आणि ती दोरी तिच्या डोळ्यांपुढून हलेना. घरात होते नव्हते ते दुकानात जाणार होते. ते बुडाले की नवऱ्याच्या पाठीवर पुन्हा गठ्ठा. वर वित्तकाचे हसू.

पण बोधिसत्त्वाला बाजार माहीत होता. अख्खे तागे घेण्याची त्याची ऐपत नव्हती, म्हणून तो कोष्ट्यांच्या आळीत गेला. तिथे मागावर शेवटी उरणारे तुकडे पडून असत. मोठे व्यापारी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नसत. मात्र तान्ह्याचे झबले, बाईची चोळी, म्हाताऱ्याचा पंचा, असल्या गोष्टींना तागा लागतो कुठे? त्याने ते तुकडे स्वस्तात उचलले, धर्मशाळेच्या पायरीशी चटई अंथरली, दोन खांबांना सुंभ बांधून त्यावर चार रंग लटकवले. झाले दुकान.

आता तगरातली चाल अशी की कापड हाताने मोजायचे, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. हात कोणाचा, हे कोणी विचारीत नसे. वित्तकाने खरेदीला एक लांब हाताचा नोकर ठेवला होता आणि विक्रीला आखूड हाताचा. बोधिसत्त्वाच्या बहिणीच्या लग्नात असेच आखूड हाताने मोजलेले वस्त्र आले होते. बिचारी सगळे लग्नभर ते ओढून ओढून नेसत होती. ते आठवून त्याने पहिल्याच दिवशी सांगितले, "माझ्या दुकानात कापड मोजायचं ते घेणाऱ्याच्या हाताने."

गर्दी झाली. तिसऱ्या दिवशी एक ठेंगणी म्हातारी आपला हात पुढे करून म्हणाली, "लेका, माझा हात हा एवढासा. गरिबाला देवाने हातही बारका द्यावा, आणि तूही त्याच मापाने द्यावंस?"

"खरं आहे, आजी. तुमच्या घरातला कोणाचाही हात आणा."

खेमाने कपाळावर हात मारला. तिला पुढचे दिसले होते, आणि झालेही तसेच. लोक पुतणे आणू लागले, जावई आणू लागले. वित्तकाच्या कानी हे गेले. गावाबाहेर मल्लक नावाचा एक गुराखी होता, ताडासारखा उंच. उभ्या उभ्या गुडघा खाजवावा इतके लांब हात. बाजाराच्या दिवशी वित्तकाने त्याला पोटभर जेवू घातले आणि आपल्या माणसांबरोबर धाडले.

"हा आमचा मामा," पहिला म्हणाला.

"माझाही मामाच," दुसरा म्हणाला.

दुपारपर्यंत मल्लक नऊ घरांचा मामा झाला. चटई रिकामी होत चालली. खेमा नवऱ्याच्या कानाशी लागली. "अहो, हा मामा त्या पेढीवरून आलाय. आता तरी नियम बदला. दोरी दिसत नाही का तुम्हाला?"

"दिसते," बोधिसत्त्व म्हणाला. "पण गिऱ्हाईक खोटं बोललं म्हणून माझा शब्द खोटा होत नाही. नियम बदलायचा तर उद्या सांगून बदलू. आज आहे तोच."

शेवटचा तुकडा उरला. मल्लकाने हात पसरला, पण या वेळी त्याची बोटे आत वळलेली होती. ते बोधिसत्त्वाने पाहिले.

"मामा, बोटं सरळ करा. वाकवलेल्या हाताने माप चुकतं."

मल्लकाने बोटे तशीच मिटून ठेवली. "चुकू दे," तो म्हणाला. "एका जेवणासाठी मी तुमची चूल विझवतोय. आणि तुम्ही मलाच बोटं सरळ करायला सांगता!" वित्तकाच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिले आणि तुकडा तिथेच टाकून काढता पाय घेतला.

खेमा उठली. तिने कोपऱ्यातली बांबूची कामटी आणली, मल्लकाच्या हाताला लावली आणि बोटे सरळ करायला लावून त्यांच्या टोकाशी कापली. "उद्यापासून गिऱ्हाइकाला हाच हात. कोष्ट्यांकडून घेतानाही हाच. एका हाताचा भाव थोडा वाढवू, पण हात सगळ्यांना एकच. म्हणजे मामाला रोज नऊ घरं फिरायला नकोत."

मल्लक डोळे पुसता पुसता हसला.

गोष्ट कोष्टीआळीत पोचायला कितीसा वेळ! खरेदीला आणि विक्रीला एकच काठी, हे त्यांनी जन्मात पाहिले नव्हते. दुसऱ्या सकाळी सहा कोष्टी आपापले चांगले कापड घेऊन पायरीशी हजर. "नंदका, विकून झालं की पैसे दे. तुझी काठी आमची साक्षीदार." मल्लकाने गुरे सोडली नाहीत, पण बाजाराच्या दिवशी तो उंचावर कापड लटकवायला येई.

महिना भरला. बोधिसत्त्व वित्तकाच्या पेढीवर गेला. वित्तकाने खुंटीकडे बोट दाखवले. "आलास? मी म्हटलंच होतं. घे दोरी."

"तीच न्यायला आलो, श्रेष्ठी," बोधिसत्त्व दोरी खांद्यावर टाकीत म्हणाला. "कापड वाढलंय. टांगायला आमचा सुंभ पुरेना."

भिक्षूंच्या सभेत एवढी कथा सांगून भगवान शास्ता थांबले. मग म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा मल्लक तो आजचा आनंद. खेमा ती राहुलमाता. नंदक मी होतो. आणि वित्तक? तोही या सभेत बसला आहे. त्याचं नाव मी घेत नाही, कारण आता त्याचा हात सरळ झाला आहे."

सभेत बऱ्याच जणांनी हळूच आपापल्या हाताकडे पाहिले.

ही सत्य पारमिता: तोटा समोर दिसत असतानाही दिलेल्या शब्दाचे माप आखूड न करणे.