पळीतून सासरी गेलेली लेक

फार फार जुनी गोष्ट. पेशी तेव्हा कुणाला दिसत नव्हत्या, पण होत्याच. एका गावात घरोघरी आंबवणाचं मडकं असे, म्हणजे गुळाच्या पाण्यात जपलेलं, पीठ आंबवायला लागणारं विरजण. लेक सासरी निघाली की आई तिला पळीभर आंबवण देई. पहिल्या माहेरपणाला लेक आपल्या मडक्यातलं पळीभर आणून आईच्या मडक्यात ओतत असे.

अशाच एका मडक्यात एक आई-पेशी होती. तिची लेक पळीत चढून गेली, आणि आईला करमेना.

“आत्याबाई, ती येईपर्यंत मी टिकेन का हो?” तिने तळाशी बसलेल्या सगळ्यांत वयस्क पेशीला विचारलं.

“पोटभर खाशील तर नाही. गूळ भरपूर असला की आपण नुसत्या वाढत सुटतो. आपल्याच अंगातला कचरा काढायला सवड कुणाला? तो साचतो, आणि म्हातारपण येतं. पोट थोडं रितं ठेव, म्हणजे कोपरे धुंडाळशील, मोडकंतोडकं वापरून टाकशील. मात्र अगदी उपाशी राहू नकोस, मरशील.”

आई गुळाच्या खड्यापासून दूर, वरच्या फिक्या पाण्यात राहायला गेली.

“काय गं, उपास कुणाचा?” शेजारणींनी टोमणा मारला.

“लेकीचा.”

“ती तिकडे गूळ हाणत असेल, आणि तू इथे वाळतेस!”

हसणाऱ्या एकेक करून थकल्या, संपल्या. आई तशीच तुकतुकीत राहिली. झाकण उघडलं की ती वर बघायची. पळी यायची, घेऊन जायची. आणून काही ओतायची नाही.

अखेर एकदा पळी ओतली गेली. एक सुरकुतलेली पेशी तरंगत जवळ आली.

“आई! तू अजून तशीच?”

“आणि तू गं? माझ्याआधी म्हातारी?”

“सासरी गुळाला तोटा नव्हता. कमी खावं, हे कुणी सांगितलंच नाही.”

संध्याकाळपर्यंत ती आईला टेकून बसली. मग तिथेच विझली.

आई थेट तळाशी गेली. “आत्याबाई, ती पळीत चढली तेव्हा तुम्ही इथेच होता ना? मग तोंडात काय गूळ धरला होता?”

“तिने विचारलं नव्हतं.”

“विचारायचं असतं हे तरी तिला कुठे माहीत होतं?”

आई वरच्या पाण्यात परतली.

त्यानंतर त्या मडक्यात पळी उतरली की वरच्या पाण्यातून एक आवाज येई, “पोरींनो, थोडं कमी खा गं!” आईला आयुष्य पुष्कळ मिळालं. ज्या भेटीसाठी ते मागितलं होतं, ती मात्र एका संध्याकाळीच संपली.

तात्पर्य: हात राखून खाणाऱ्याचं आयुष्य वाढतं, पण हे माहीत असून गप्प बसणारा दुसऱ्याचं आयुष्य खातो.