करवंदांच्या रोटाचे प्रकरण

विषय : महाराजांच्या तोंडात घासाचा धोंडा होत असलेबाबत.
संदर्भ : मांत्रिक कालंभट यांचा तोंडी शाप.

एका राज्यात शूरसेन नावाचा राजा होता. शूर तो नावापुरता. त्याच्या ताटातले आधी मांजर चाखी, मग चाखणदार, मग प्रधान. उरलेसुरले राजा जेवी. एकदा कालंभट मांत्रिकाने प्रेमाने आणलेली खीर राजाने त्याच्यादेखत मांजरापुढे सरकवली. मांत्रिक म्हणाला, "राजा, ज्या घासावर तू संशय घेशील, त्याचा धोंडा होईल." झाला. राजाच्या दाढा गेल्या, पोट पाठीला लागले. वैद्यांनी हात टेकले.

राणी हेमावती माळावर गेली. तिथे टिटवी बोलली. टिटवी अशुभ खरी. पण प्रधानाच्या सल्ल्याने तरी काय शुभ झाले होते?

"माळावरची करवंदे तू तोड, पीठ तू दळ, रोट तू भाज. राजाने तो निःशंकपणे खाल्ला की शाप सुटेल."

"यात तुझा काय लाभ?" राणीने विचारले. राजवाड्यात राहून तिलाही लागण झाली होती.

"तुझी पालखी माझ्या अंड्यांवरून नेऊ नकोस, एवढाच."

करवंदीच्या जाळीने विचारले, "कोणासाठी?"

"नवऱ्यासाठी."

"राजासाठी नाही?"

"राजाला आचारी आहेत."

जाळीने काटे मिटले. जात्याने ओवी मागितली. राणीने माहेरची म्हटली, तेव्हा ते फिरले. गोवऱ्यांच्या धगधगत्या आराने जरीचा पदर मागितला. तिने फाडून दिला. करवंदे न् गूळ भरलेला रोट पळसाच्या पानांत गुंडाळून तिने आरात पुरला. खरपूस होताच काढला आणि राजापुढे ठेवला.

राजा म्हणाला, "माळावर साप असतात म्हणे."

"असतात, महाराज."

"मांजराला बोलवा."

राणीला वैधव्य समोर दिसले. त्याहून आधी रागच आला. तिने रोट मोडला आणि स्वतःच खाऊ लागली. गुळाचा पाक बोटांवरून ओघळला.

"कसा आहे?"

"आंबट."

"आंबट आहे, तर एवढा का खातेस?"

राणीने पुढचा तुकडा मोडला. तोंड भरलेले होते.

राजाला नवाच संशय आला : ही सगळा संपवणार. त्याने झडप घातली आणि हाताला आलेला तुकडा गिळला. संशय राणीवर होता, घासावर नव्हता. शापात तशी तरतूद नव्हती. राजाच्या मिशा जांभळ्या झाल्या, धोंडा काही झाला नाही.

शाप सुटला. साठलेल्या धोंड्यांनी पागेची भिंत दुरुस्त झाली. मांजर सेवानिवृत्त झाले, प्रधानाला राज्यकारभार पाहावा लागला.

आणखी एक रोट मिळावा, असा महाराजांचा अर्ज राणीसाहेबांकडे दाखल झाला आहे. तो विचाराधीन आहे.